नियतक्षेत्राचा ताबा घेतल्यावर पहिला पंचनामा लिहिण्याआधी

नव्या वनरक्षकांनो, वनवृत्त, विभाग, परिक्षेत्र, वर्तुळ आणि शेवटी एका वनरक्षकाकडे सोपवलेले नियतक्षेत्र (बीट) ही उतरंड भरतीच्या तयारीत तुमची पाठ झालेली असेल, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. राज्यातील सुमारे 61 हजार चौरस किलोमीटर वनक्षेत्राचा कारभार याच उतरंडीने चालतो आणि ज्या कागदावर पुढचे सगळे कागद रचले जातात, तो पहिला कागद वनरक्षक लिहितो. मी नेमकी तिथेच चुकले.

विदर्भातील माझ्या पहिल्या नियतक्षेत्रात रुजू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. जूनच्या पहिल्या पावसानंतर एका कक्षात, म्हणजे जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यात, नांगरट झालेली दिसली. जीपीएसवर बिंदू घेतले, ते कक्ष नकाशावर राखीव वनात पडले. मी पंचनामा केला, लाकडी नांगर जप्त केला आणि त्याच संध्याकाळी प्राथमिक अपराध अहवाल लिहून मोकळी झाले. आठवड्याभरात गावच्या वनहक्क समितीचे सचिव दाव्याची पोच घेऊन कार्यालयात आले. त्या शेतकऱ्याचा त्याच जमिनीवरील हक्काचा वैयक्तिक दावा उपविभागीय समितीपुढे प्रलंबित होता.

2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) नुसार दाव्याची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत दावेदाराला ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येत नाही. हे कलम मला तोंडपाठ होते, पण नकाशा हातात असताना ते आठवले नाही. म्हणून पुन्हा पुन्हा सांगते: कक्ष नकाशा, सातबाऱ्यासह गट नकाशा आणि वनहक्क समितीकडील दाव्यांची यादी हे तीनही कागद शेजारी ठेवल्याशिवाय अतिक्रमणाचा एकही शब्द लिहू नका. कक्ष क्रमांक आपल्या खात्याचा, गट क्रमांक महसुलाचा, दाव्यात अनेकदा जुना सर्व्हे क्रमांक, आणि गावात मात्र त्याच जागेला ‘मोहाखालचं वावर’ म्हणतात. ही सगळी एकाच जागेची नावे आहेत की नाहीत, हे गावातल्या माणसाला सोबत घेऊन त्या बांधावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पूर्व विदर्भात त्यात महसुली नोंदींत ‘झुडपी जंगल’ म्हणून दाखवलेल्या झुडपांच्या जमिनींची भर पडते. सातबाऱ्यावरील नोंद पाहून ती महसुली जमीन समजू नका, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 22 मे 2025 च्या निकालाने त्या जमिनी वनेच मानल्या आहेत.

याचा अर्थ पोच दाखवली की मागे फिरावे, असा मुळीच नाही. वैयक्तिक दाव्यासाठी 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा लागतो आणि मर्यादा 4 हेक्टरची आहे. शेताच्या कडेला तोडलेल्या झाडांची ताजी थुटे दिसली, तर त्यांचा घेर मोजा, छायाचित्रे काढा आणि गुन्हा वृक्षतोडीचा नोंदवा. सामूहिक हक्काचेही तसेच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. अशा गावातून निघालेला बांबूचा ट्रक अडवण्याआधी परवान्यावर कोणाची सही चालते, हे माहीत असलेले बरे.

व्हॉट्सॲपवर फिरणारे तयार पंचनाम्यांचे नमुने मला घातक वाटतात. त्यात नाव आणि दिनांक बदलला की काम झाल्यासारखे वाटते, आणि माझा तो पंचनामा तसाच तयार झाला होता. वरिष्ठांचे मार्गदर्शन घ्याच. पण हद्दीचे मुनारे कुठे ढासळले आणि कोणी सरकवले, हे मला तीस वर्षे तिथे राबलेल्या वनमजूर काकांनी दाखवले, तेही मी विचारल्यावर. मी विचारायला उशीर केला.

माझी चौकशी झाली, मी चूक लेखी मान्य केली आणि नोकरी टिकली. तेव्हा एका चुकीने सगळे संपते, अशी धास्ती बाळगू नका. नांगर परत करण्याचा आदेश निघायला अकरा दिवस लागले. तो घेऊन मी स्वतः गेले, पण तोवर वाफसा निघून गेला होता.