पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे तक्रार कशी करावी: आधी फुटेज, मग अर्ज

पोलिसांनी ठाण्यात मारहाण केली, बेकायदा डांबून ठेवलं किंवा सोडण्यासाठी पैसे उकळले, तर त्याची चौकशी पोलीस खात्याबाहेरच्या यंत्रणेकडून करून घेण्याची सोय महाराष्ट्रात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. आपल्याकडे ते महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ च्या दुरुस्तीने आलं. राज्य पातळीवर एक प्राधिकरण आणि त्याखाली विभागीय प्राधिकरणं, अशी रचना आहे. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात आणि सदस्यांमध्ये समाजातली एक प्रतिष्ठित नागरिक व्यक्तीही असते.

सोय असूनही बऱ्याच तक्रारी टिकत नाहीत, आणि त्या कोलमडतात अर्ज देण्याच्या आधीच. अशा तक्रारी तयार करायला मी वर्षानुवर्षं मदत करत आलो आहे. सुनावणीत काय होणार हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं: घटनेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत ठाण्याच्या स्वतःच्या नोंदी तुम्ही पक्क्या करून घेतल्या की नाही. म्हणून "वातावरण निवळू द्या, चांगला वकील बघा, मग सावकाश अर्ज करू" असं सांगणाऱ्यांवर माझा राग आहे. व्हिडिओ व्हायरल करून मंत्र्यांना टॅग करायला सांगणाऱ्यांवरही तितकाच. त्या गडबडीत पुरावा पुसला जातो.

विषय प्राधिकरणाचा आहे का, ते पाहा

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, कायद्याची कार्यपद्धती डावलून केलेली अटक किंवा डांबून ठेवणं, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर. हे प्राधिकरणाचे विषय. पीडित व्यक्ती, तिचे कुटुंबीय किंवा तिच्या वतीने दुसरं कोणीही तक्रार करू शकतं. अधिकाऱ्याचा हुद्दा मोठा असेल तर तक्रार राज्य प्राधिकरणाकडे जाते, खालच्या हुद्द्यांसाठी विभागीय प्राधिकरण असतं.

ठाणे अंमलदार उद्धट बोलला, एवढ्यासाठी इथे येऊ नका. वरिष्ठांकडे अर्ज पुरेसा आहे. गुन्हाच नोंदवून घेत नाहीत, अशी अडचण असेल तर सरळ रस्ता वेगळा आहे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे आधी पोलीस अधीक्षक, तिथेही दाद नाही लागली तर न्यायदंडाधिकारी.

त्याच दिवशी सरकारी दवाखाना

अटक झाली असेल तर संहितेच्या कलम ५३ प्रमाणे वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी, आणि अहवालाची प्रत अटक झालेल्या माणसाला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळायला हवी. ती मागा. अटक न करता सोडून दिलं असेल तर स्वतः सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि एमएलसी, म्हणजे मारहाणीसारख्या प्रकरणाची रुग्णालयातली वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगा. "पडलो" म्हणू नका. कोणी, कशाने, कुठे मारलं हे डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर तसं लिहिलंय का ते तिथेच वाचा.

एक गोष्ट कोठडीतल्या माणसापर्यंत काहीही करून पोचवा. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केल्यावर ते विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" शेजारी पोलीस उभे असतात, माणूस घाबरून "नाही" म्हणतो, आणि ते कागदावर येतं. पुढे प्रत्येक सुनावणीत तोच एक शब्द समोर ठेवला जातो. बोलायची ती वेळ आहे.

नावं

अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसायला हवं, असं संहिता सांगते. नावपट्टी नसेल तर बक्कल नंबर (पोलिसाचा बिल्ला क्रमांक), गाडीचा नंबर, अंदाजे वय, चेहऱ्याची खूण, "त्या रात्री ड्युटीवर असलेले ठाणे अंमलदार", जे आठवेल ते त्याच दिवशी लिहून काढा. नाव माहीत नाही म्हणून तक्रार थांबवू नका.

सीसीटीव्ही फुटेज: सगळी लढाई इथे आहे

मी स्वतः सर्वांत जास्त अडखळलो ते याच टप्प्यावर, आणि चुकीचे सल्लेही सर्वांत जास्त इथेच मिळतात.

परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिलेला आदेश जवळ ठेवा. प्रत्येक पोलीस ठाण्यात मुख्य दरवाजा, लॉकअप, मार्गिका, व्हरांडा, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, मागची बाजू, सगळीकडे कॅमेरे हवेत आणि ठाण्याचा कोणताही भाग सुटता कामा नये. चित्रासोबत आवाजही हवा. चित्रीकरण १८ महिने ठेवायचं, तेवढी साठवणक्षमता बाजारात मिळत नसेल तर शक्य तितकं जास्त, पण एक वर्षापेक्षा कमी नाही. ठाण्यात फलक लावून लोकांना सांगायचं की हक्काचा भंग झाला असेल तर चित्रीकरण राखून ठेवायला लावण्याचा अधिकार पीडिताला आहे.

हे सगळं असलं तरी प्रत्यक्षात चित्रीकरण तेवढे महिने टिकेल, असं गृहीत धरू नका. जुन्यावर नवीन चढत जातं. तुम्ही पंधरवडाभर थांबलात तर ते गेलंच, असं धरून चाला.

इथे सगळे जण सांगतात, "आरटीआय टाका." फक्त आरटीआय टाकणं ही फुटेज गमावण्याची सर्वांत खात्रीची पद्धत आहे. उत्तराला ३० दिवस मिळतात, मग नकार, मग पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोग. तोवर यंत्र आपलं काम करत राहतं. माहिती मागणं वेगळं आणि चित्रीकरण जतन करायला सांगणं वेगळं. जतन करण्याचा अर्ज आधी, साध्या कागदावर, शक्यतो दुसऱ्याच दिवशी. आरटीआय त्याच्यामागून.

अर्जात गोष्ट सांगत बसू नका. इतकं पुरतं (डीबी रूम म्हणजे ठाण्यातल्या गुन्हे शोध पथकाची खोली):

"दिनांक ... रोजी दुपारी २ ते रात्री ११ या वेळेतील मुख्य प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष, लॉकअपसमोरील मार्गिका व डीबी रूमबाहेरील कॅमेऱ्यांचे मूळ चित्रीकरण आवाजासह जतन करावे. ते वेगळ्या साठवणीत काढून ठेवावे व तसे केल्याचे मला लेखी कळवावे. परमवीर सिंग सैनी प्रकरणातील दिनांक २ डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार ही मागणी करीत आहे."

वेळ धरताना आत नेल्याच्या एक तास आधीपासून बाहेर पडल्याच्या एक तास नंतरपर्यंत धरा, कारण यंत्राचं घड्याळ पुढेमागे असू शकतं. पण "पूर्ण आठवड्याचं द्या" असं मागू नका. मागणी मोघम ठेवली की नाकारायला सोपं जातं. डीबी रूममध्ये कॅमेराच नाही असं सांगितलं तरी हरकत नाही. बाहेरच्या मार्गिकेतल्या कॅमेऱ्यात माणूस किती वाजता आत गेला, कोणाबरोबर गेला आणि कसा चालत बाहेर आला, हे दिसतं. धडधाकट आत जाणारा माणूस दोघांच्या आधाराने बाहेर येताना दिसला, तर खोलीच्या आतलं चित्र नसलं तरी तक्रार उभी राहते.

अर्ज एकट्या ठाण्यात देऊन थांबू नका. एक प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात द्या. दुसरी जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हास्तरीय देखरेख समितीच्या नावाने द्या. ही समिती याच आदेशाने आली आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणाला माहीत नसतं. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. ठाण्यात पोच द्यायला नकार मिळाला तर वाद घालत उभे राहू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

आता उत्तरं. ती साधारण तीन प्रकारची येतात.

"कॅमेरा बंद होता." हे उत्तर आलं की लोक हात टेकतात, आणि नेमकं इथेच थांबायचं नसतं. सैनी आदेशाप्रमाणे कॅमेरा बिघडला तर ठाणे प्रमुखाने तो बिघाड लगेच जिल्हास्तरीय समितीला कळवायचा असतो. बंद काळात ठाण्यात कोणाला अटक झाली, कोणाची चौकशी झाली, त्याची नोंदही समितीकडे पाठवायची असते. तेव्हा लगेच दुसरा अर्ज द्या: बिघाड कळवल्याच्या पत्राची आणि त्या काळातल्या अटक व चौकशीच्या नोंदीची प्रत द्या. असं पत्र नसेल तर "बंद होता" या म्हणण्याला कागदाचा आधार उरत नाही, आणि ते प्राधिकरणापुढे मांडता येतं. पत्र असेल, तर त्यात तुमच्या माणसाचं नाव आहे की नाही हे पाहायला मिळतं. दोन्हीकडून तुमचा फायदाच आहे.

"साठवण संपल्याने आपोआप पुसले गेले." तुमच्या अर्जावरच्या आवक शिक्क्याची तारीख इथे कामाला येते. जतन करायला सांगितल्यानंतर पुसलं गेलं असेल तर ती स्वतंत्र तक्रार आहे आणि ती मूळ तक्रारीइतकीच ठाम लिहा.

"तपास सुरू असल्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ज) खाली देता येत नाही." तपास सुरू आहे एवढंच कारण पुरत नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात सांगितलं आहे. अपिलात हे लिहा. आणि नकाराच्या त्या पत्रातून फुटेज अस्तित्वात असल्याची कबुली मिळते, ती सांभाळून ठेवा. प्राधिकरणाला ते मागवून घेता येतं.

आरटीआय अर्जात महाराष्ट्रात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. फुटेज, स्टेशन डायरीचा (ठाण्यातल्या घडामोडींच्या रोजच्या नोंदवहीचा) त्या दिवसाचा उतारा आणि अटक पंचनामा, या तिन्हींसाठी वेगवेगळे अर्ज करा. माणूस अजून आतच असेल तर जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून ४८ तासांत उत्तर मागता येतं. तसं अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा.

स्टेशन डायरीला कमी लेखू नका. अटक संध्याकाळी सातला दाखवली आहे आणि कॅमेऱ्यात माणूस दुपारी दोनला आत जाताना दिसतोय, तर मधले पाच तास तो कोणत्या अधिकाराखाली तिथे होता, हा प्रश्न तुम्हाला विचारावाही लागत नाही.

तक्रार लिहिणं

दोन पानांत बसवा. पहिल्या परिच्छेदात कोण, कधी, कुठे, काय. मग वेळेप्रमाणे घटना, प्रत्येक वाक्यामागे कागदाचा क्रमांक. विशेषणं काढून टाका. "नराधम अधिकाऱ्याने अमानुष छळ केला" यातून चौकशी करणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. "रात्री साडेनऊच्या सुमारास डीबी रूममध्ये दोन जणांनी तळपायांवर पट्ट्याने मारले, पाहा जोडपत्र ३, वैद्यकीय अहवाल" यातून लागतं. ठाण्याबद्दलच्या जुन्या सगळ्या तक्रारी यात कोंबू नका. शेवटी मागणी: चौकशी, फुटेज व डायरी मागवणे, विभागीय कारवाईची शिफारस आणि दखलपात्र गुन्हा दिसत असल्यास तो नोंदवणे. प्रतिज्ञापत्र जोडा.

मूळ प्रत प्राधिकरणाला द्या, पोच घ्या.

मधल्या काळातला दबाव

तुम्ही वरिष्ठांकडे दिलेला अर्ज फिरून त्याच ठाण्याकडे "चौकशीसाठी" येण्याची शक्यता असते, आणि मग "जबाब द्यायला या" असा फोन येतो. नुसत्या फोनवरून जाऊ नका, लेखी नोटीस मागा. चौकशी त्या ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्यावी, असं लेखी उत्तर पाठवा. जावंच लागलं तर कोणाला तरी सोबत न्या, आणि "माझी काही तक्रार नाही" अशा मजकुराखाली सही करू नका. जबाब वाचल्याशिवाय सही नाही, कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण केलं म्हणून शासकीय गुपितांच्या कायद्याची भीती घातली जाते. पोलीस ठाणे हे त्या कायद्यातलं "प्रतिबंधित ठिकाण" नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं आहे.

मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाची मुदत लक्षात ठेवा. पण एकाच वेळी सगळीकडे अर्ज टाकू नका. दुसऱ्या आयोगापुढे विषय आहे असं म्हणून हात झटकायला ते निमित्त होतं.

सुनावणी आणि नंतर

पोलिसांचं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर आलं की त्याची प्रत घ्या आणि परिच्छेदवार लेखी उत्तर द्या. तारखा चुकवू नका. प्राधिकरणाला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण काय मागवायचं ते तुम्हीच अर्जाने सुचवायला हवं.

प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही, अहवाल शासनाकडे जातो. अहवालाची प्रमाणित प्रत घ्या आणि महिनाभराने गृह विभागाकडे आरटीआय टाका: या अहवालावर कोणत्या तारखेला, कोणी, काय निर्णय घेतला, त्या टिप्पणीची प्रत द्या. शासनाने अहवाल फेटाळला असेल तर त्याची लेखी कारणं त्या टिप्पणीत असायला हवीत. उच्च न्यायालयात जायचं झालं, तर वकिलाच्या हातात पहिला कागद तो द्या.