लेझरने नंबर काढताना या चुका टाळा

चष्म्याचा नंबर लेझरने काढण्याआधी डोळ्यांची जी तपासणी होते, ते काम मी नाशिकमध्ये गेली चौदा वर्षे करते आहे. शस्त्रक्रियेनंतर आलेल्या ज्या तक्रारी मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ लेझरमध्ये नव्हते. ते तपासणीच्या खुर्चीवर दिलेल्या अर्धवट उत्तरात किंवा घाईत घेतलेल्या मोजमापात होते. या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या एक्सायमर लेझरची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर असते आणि त्याचा एक ठोका कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक आवरणाचा, सुमारे पाव मायक्रॉन जाडीचा थर काढतो. डोळा किंचित हलला तरी त्याचा माग ठेवणारी यंत्रणा सोबत असते. मात्र आपण दिलेला आकडा बरोबर आहे की चूक, हे त्या संगणकाला कळत नाही, आणि चुकीचा आकडाही तो तितक्याच काटेकोरपणे कॉर्नियावर उतरवतो.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी चूक म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स पुरेसे दिवस बंद न ठेवता तपासणीला येणे आणि विचारल्यावर खरे न सांगणे. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, त्याला मिळणारा प्राणवायू कमी होऊन थोडी सूज येते, आणि तो मूळ आकारावर यायला वेळ लागतो. साध्या मऊ लेन्ससाठी मी दोन आठवडे मागते, सिलिंड्रिकल (कॉर्नियाच्या असमान गोलाईमुळे येणाऱ्या) नंबरच्या मऊ लेन्ससाठी तीन, आणि कडक लेन्ससाठी किमान चार आठवडे; वर्षानुवर्षे कडक लेन्स वापरली असेल तर त्याहूनही अधिक. काही ठिकाणी यापेक्षा कमी दिवस सांगतात, हे मला माहीत आहे. मी माझा आकडा कमी करत नाही, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातला एक मुलगा भरतीसाठी नंबर काढायला आला होता. वैद्यकीय तपासणी दीड महिन्यावर आली होती, सोबत वडील होते, आणि लेन्स महिनाभर लावलेली नाही असे त्याने ठामपणे सांगितले. टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या चढउतारांच्या नकाशात, दोन्ही डोळ्यांचा खालचा भाग प्रमाणाबाहेर उंचावलेला दिसला. असा नकाशा केरॅटोकोनसच्या सुरुवातीलाही दिसतो. या विकारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत जातो आणि अशा डोळ्यावर लेझर करणे धोक्याचे असते. मी वडिलांना तसे सांगण्याच्या बेतात होते. तेवढ्यात डोळ्यात थेंब घालण्यासाठी मी त्याला वर बघायला सांगितले, आणि माझा हात पोहोचण्याआधीच त्याने मधल्या बोटाने खालची पापणी सराईतपणे खाली ओढून धरली. रोज लेन्स लावणारा माणूसच पापणी अशी धरतो. मी वडिलांना औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर पाठवले आणि त्याला विचारले, “लेन्स शेवटची कधी लावलीस?” तो खाली बघत म्हणाला, “काल रात्री काढल्या, मॅडम.”

मी त्याला चष्म्यावर परत पाठवले. साडेतीन आठवड्यांनी तो आला तेव्हा खालचा उंचवटा उतरला होता, सिलिंड्रिकल नंबर सव्वादोनवरून सव्वावर आला होता आणि त्याचा अक्षही, म्हणजे त्या नंबरची अंशांत मोजलेली दिशाही, पंधरा अंशांनी सरकला होता. त्यानंतर आठवड्याच्या अंतराने नकाशा पुन्हा काढला आणि दोन्ही सारखे आल्यावरच त्याला डॉक्टरांकडे पाठवले. पहिल्या दिवशीच्या आकड्यांवर शस्त्रक्रिया झाली असती तर जो दोष त्या डोळ्यात नव्हता तो दुरुस्त केला गेला असता. दोन नकाशे जुळेपर्यंत पुढे जायचे नाही, ही माझी सवय त्या मुलापासून पक्की झाली. भरतीसाठी नंबर काढणाऱ्यांनी आणखी एक करावे: लेझरविषयी प्रत्येक दलाचे नियम निरनिराळे असतात, ते आधी वाचावेत आणि त्यानुसार तारीख ठरवावी.

दुसरी चूक आम्हा तपासणाऱ्यांची आहे आणि ती सिलिंड्रिकल नंबरच्या अक्षाची आहे. अक्ष दहा अंशांनी चुकला तर त्या नंबरचा सुमारे एकतृतीयांश भाग तसाच उरतो, आणि तीस अंशांनी चुकला तर दुरुस्तीचा उपयोगच होत नाही. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत थोडा फिरतो. हे फिरणे बहुतेकांत दोन-चार अंशांचे असते, पण काहींत दहाच्या पुढेही जाते. बुबुळाच्या रेषा ओळखून हा फरक भरून काढणारी यंत्रे आहेत, तरीही रुग्ण ताठ बसलेला असताना स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून पाहण्याच्या यंत्रावर, शाईच्या दोन खुणा करून घेणे मी सोडलेले नाही. कामाच्या दुसऱ्या वर्षी मी एका बाईंचा अक्ष १०० ऐवजी १० असा भरला होता. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी कागदावरचा आकडा मोठ्याने वाचला, मी पडद्यावरचा वाचला, आणि तिथे चूक सापडली. त्या दिवशी माझे हात कापत होते. तेव्हापासून भरलेला प्रत्येक आकडा मी दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घेते. नव्याने कामाला लागलेली मुले यंत्राने हिरवी खूण दाखवली की पुढच्या रुग्णाला हाक मारतात. मोजमाप नीट घेतले गेले एवढेच ती खूण सांगते, भरलेल्या आकड्याची खात्री ती देत नाही. रुग्णांनीही टेबलावर झोपण्याआधी आपले नाव, कोणता डोळा आणि नंबर किती हे स्वतः म्हणून दाखवावे. कोणी रागावणार नाही.

बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी दिवस वाया जातो म्हणून ती तपासणी टाळू नये. तरुणांचा डोळा जवळचे पाहण्याचा ताण धरून ठेवतो आणि उणे नंबर असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो; शिवाय उणे नंबर असलेल्यांच्या डोळ्यामागच्या पडद्याला (रेटिनाला) छिद्र किंवा पातळ भाग असेल तर तो याच वेळी दिसतो. नंबर गेला तरी पडद्याचा धोका जात नाही.

“माझ्या बुबुळाची जाडी भरपूर आहे, मग अडचण काय?” असे अनेक जण विचारतात. गणित असे आहे: साडेसहा मिलिमीटरच्या क्षेत्रात एका नंबरमागे साधारण चौदा मायक्रॉन जातात. कॉर्निया ५२० मायक्रॉनचा, फ्लॅप (लेझरसाठी कापून वर उचलला जाणारा कॉर्नियाचा पातळ पापुद्रा) ११० चा आणि नंबर उणे सहा असेल तर खाली सुमारे ३२५ उरतात. नंबर उणे नऊ असेल तर २८५ च उरतात, आणि ३०० च्या खाली जायला अनेक शल्यचिकित्सक तयार होत नाहीत. शिवाय जाडी पुरेशी असूनही आकार बिघडलेला असू शकतो. म्हणून फोनवर फक्त जाडी सांगून दर विचारण्यात काही अर्थ नाही.

ज्यांचा नंबर वर्षभरात ०.५ हून अधिक बदलला आहे त्यांनी थांबावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही थांबावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ते लपवू नये. चाळिशीच्या पुढे वाचायचा चष्मा लागणारच, हे घरी आधी सांगून ठेवावे. शस्त्रक्रियेच्या दिवशी अत्तर लावू नये, कारण त्याची वाफ लेझरच्या मार्गात येते.

नंतरच्या चुकांत डोळा चोळणे ही सर्वांत वाईट. पहिल्या दिवसांत फ्लॅप सरकू शकतो, आणि जोरदार मार बसला तर तो काही वर्षांनीही हलल्याची उदाहरणे आहेत. म्हणून कबड्डी किंवा कुस्ती खेळणाऱ्यांना मी डॉक्टरांशी बिनफ्लॅपच्या पद्धतीविषयी बोलायला सांगते. फ्लॅप करताना कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे काही महिने डोळे कोरडे राहतात, आणि नाशिकच्या हिवाळ्यातल्या कोरड्या थंडीत दुचाकी चालवणाऱ्यांना हे अधिक जाणवते. अश्रूंचे थेंब डोळ्यात खुपायला लागल्यावर घालायचे नसतात, ते सांगितलेल्या वेळीच घालावेत. स्टेरॉइडचे थेंब मात्र मुदत संपल्यावर औषध दुकानातून परस्पर पुन्हा आणू नयेत. त्यांनी काहींच्या डोळ्यांचा दाब वाढतो. द्राक्षबागेची फवारणी किमान महिनाभर दुसऱ्यावर सोपवावी. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारायची असेल तर शस्त्रक्रिया सणानंतर ठेवावी. रामकुंडावर डुबकी मारायची असेल त्यांनीही हेच करावे. दरवर्षी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी लाल डोळे घेऊन कोणी तरी दारात उभे असते.

शेवटचे काम कागदांचे. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, टोपोग्राफीचा नकाशा, कॉर्नियाची जाडी आणि किती मायक्रॉन काढले याची नोंद मागून घ्यावी. वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा हिशेब लेझर झालेल्या डोळ्यात अवघड होतो आणि तेव्हा हेच आकडे लागतात. काचबिंदूच्या तपासणीत दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, तिथेही ते उपयोगी पडतात. मोबाइलमधला फोटो तोवर राहत नाही. सातबारा ज्या पिशवीत ठेवता, त्याच पिशवीत ही फाइल ठेवा आणि ती कशाची आहे हे घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.