परदेशात म्युझियम आणि जुन्या वास्तू बघायला जाताय? तिकिटापासून ते डोळे भरून बघण्यापर्यंत

मागच्या वर्षी आईला घेऊन इटलीला जाऊन आले, शेवटी चार दिवस पॅरिस पण केलं, आणि तेव्हापासून ओळखीतल्या सात-आठ जणांनी तरी फोन करून विचारलंय की काय बघायचं, तिकिटं कुठून काढायची, आई-बाबांना झेपेल का, म्हणून एकदाच नीट सगळं लिहून काढते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवा. मला माहितीये एवढे पैसे घालून जातोय तर सगळंच बघून घेऊ असं वाटतं, मलाही वाटलं होतं. पहिल्यांदा मी एका टूरबरोबर गेले होते तेव्हा पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आम्हाला पाऊण तास दिला होता, छत्री वर धरलेल्या गाईडच्या मागे पळत पळत मोनालिसापर्यंत गेलो, लोकांच्या डोक्यांवरून आणि मोबाईलवरून जेमतेम दिसली, फोटो काढला, बाहेर. ते चित्र आहे ७७ बाय ५३ सेंटीमीटरचं. त्याच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर वेरोनीजचं लग्नाच्या जेवणाचं चित्र आहे, जवळजवळ १० मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच, नेपोलियनच्या सैन्याने व्हेनिसमधून उचलून आणलेलं, आणि त्या खोलीतले बहुतेक सगळे लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात! मीही तेव्हा पाठच केली होती. यावेळी आम्ही दोघी मोनालिसाला भेटून मागे वळलो आणि त्या लग्नात अर्धा तास रमलो, वाजवणारे, वाढपी, वाइन ओतणारा, कुत्री, सगळं बघत. आई म्हणाली, "अगं, पंगत बसलीये बघ, वाढप्यांची धावपळ आपल्यासारखीच." तो अर्धा तास मला अजून लख्ख आठवतो.

आता प्लॅनिंग. विमानाचं तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर घेऊन बसा, कारण प्रत्येक ठिकाणाचा सुट्टीचा वार वेगळा आहे. फ्लॉरेन्सची उफित्झी गॅलरी, मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा जिथे आहे ती अकादेमिया आणि मिलानचं लास्ट सपर (येशू आणि त्याच्या बारा शिष्यांच्या शेवटच्या जेवणाचं लिओनार्दोचं भित्तिचित्र) सोमवारी बंद. पॅरिसचं ओर्से म्युझियम पण सोमवारी बंद, पण लूव्र मंगळवारी. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडं असतं आणि त्या दिवशी गर्दी विचारू नका. बुधवारी सकाळी पोप लोकांना भेटतात तेव्हा सेंट पीटर्स चर्चमध्ये सहसा जाता येत नाही. इटलीतली सरकारी म्युझियम महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, पण ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर तो रविवार टाळाच, वाचलेले पैसे रांगेतच वसूल होतात. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत चालू असतं, आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो आणि सहानंतर गर्दी चांगलीच ओसरली. आणि १८ वर्षांखालच्या मुलांना लूव्र फुकट आहे, कुठल्याही देशाची असोत, फक्त पासपोर्ट जवळ ठेवा.

तिकिटं म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा. हे मी पैसे घालवून शिकलेय. नेटवर सर्च केलं की वरती ज्या चार-पाच साइट दिसतात त्या बऱ्याचदा तिकिटं पुढे विकणाऱ्यांच्या असतात, दिसायला अगदी ऑफिशियल, आणि अशाच एका साइटला मी एकदा मूळ दराच्या जवळजवळ तिप्पट पैसे देऊन बसले. साइटचा पत्ता नीट वाचा, किंमत दोन ठिकाणी ताडून बघा, मगच कार्ड टाका.

सगळ्यात आधी बुक करायचं ते लास्ट सपर. तिथे एका वेळी साधारण ४० जणांना सोडतात आणि बरोबर १५ मिनिटं देतात, त्यामुळे स्लॉट सुटले की बघता बघता संपतात. आम्ही आधी ते तिकीट मिळवलं आणि बाकीची ट्रिप त्याच्या भोवती बसवली. शेंगेन व्हिसाचा (इटली, फ्रान्स दोन्हीकडे चालणारा एकच व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तर सुट्टीच्या सीझनला जाणार असाल तर अपॉइंटमेंट शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. आणि नावाचं लक्षात ठेवा. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, कुठे नुसतंच इनिशियल असतं. तिकिटावर पासपोर्टवर आहे तस्संच नाव टाका. कोलोसियमचं तिकीट नावाचं असतं आणि दारात ओळखपत्राशी जुळवून बघतात.

१५ मिनिटंच का, हे जायच्या आधी घरी वाचून गेलात तर ती १५ मिनिटं तासासारखी वाटतील. लिओनार्दोने ते चित्र मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर १४९५ ते १४९८ च्या सुमारास काढलं. ओल्या गिलाव्यावर काढायचं तर भराभर काढावं लागतं, कारण गिलावा सुकायच्या आत रंग लागला पाहिजे, आणि त्याला तर सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवायचा होता, म्हणून त्याने सुक्या भिंतीवर रंग लावले. आपल्या अजिंठ्याची चित्रंही सुक्या गिलाव्यावरचीच. पण इथे रंग धरला नाही आणि काही दशकांतच पोपडे सुटायला लागले. १६५२ मध्ये त्या भिंतीत दार पाडलं, त्यात येशूचे पायच गेले. १९४३ मध्ये बॉम्ब पडून जेवणघराचं छप्पर आणि एक भिंत कोसळली, ही भिंत वाळूच्या पोत्यांमुळे वाचली. मग वीस वर्षांवर काम करून १९९९ मध्ये त्याची शेवटची मोठी डागडुजी पूर्ण झाली. म्हणून तिथे थोड्याच लोकांना थोडाच वेळ सोडतात, आणि एकापाठोपाठ एक काचेची दारं आहेत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, धूळ आणि दमट हवा आत जाऊ नये म्हणून. आत गेल्यावर लगेच पुढे धावू नका, पाच मिनिटं अगदी मागे उभं राहून अख्खी भिंत बघा, मग जवळ जाऊन फक्त हात बघा, बारा जणांचे बारा तऱ्हेचे हात, आणि मग टेबलावरची चादर. तिच्या घड्या दिसतात, कपाटातून आत्ताच काढून अंथरल्यासारख्या, आणि कडेला निळं नक्षीकाम. मी शेवटची तीन मिनिटं नुसती ती चादर बघत होते.

जाण्याआधी पायांची तयारी करा, हे मी अगदी मनापासून सांगते. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि मागून लोक येतच असतात. आपली पर्वती १०३ पायऱ्यांची, म्हणजे साडेचार पर्वत्या एका दमात. मी दोन महिने आठवड्यातून तीनदा पर्वती आणि रविवारी सिंहगड केला, त्यामुळे वर जाताना धाप न लागता आजूबाजूला बघता आलं, आणि तिथे बघण्यासारखं वर पोचल्यावर जेवढं आहे तेवढंच वाटेत आहे. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये तो घुमट खालून लाकडी आधार न लावता चढवला, एकात एक असे दोन घुमट आहेत आणि जिना त्या दोघांच्या मधून जातो. दोन्ही बाजूंनी भिंती आपल्या अंगावर कलत येतात. भिंतीतल्या विटा बघा, आडव्या थरात मधेच उभ्या विटा घातलेल्या दिसतात, माशाच्या काट्यासारखी तिरकी रांग वर वर जाते. त्या उभ्या विटांनीच ओले थर घसरू न देता धरून ठेवले. मी एका ठिकाणी हात लावून बघितला, सहाशे वर्षांपूर्वी गवंड्याने दाबलेला तो चुना खरखरीत लागला हाताला.

आईला गुडघ्यामुळे वर नेलं नाही. ती तेवढा वेळ कॅथेड्रलच्या मागच्या म्युझियममध्ये गिबर्ती या शिल्पकाराची सोनेरी दारं बघत बसली, बाहेर चौकातल्या बाप्तिस्म्याच्या इमारतीला लावलीत ती नक्कल आहे, अस्सल आत आहेत, तर तीही चुकवू नका. लूव्र आणि व्हॅटिकनसारख्या मोठ्या ठिकाणी व्हीलचेअर फुकट मिळते, आत शिरल्या शिरल्या विचारा, संकोच करू नका. आईने पहिल्या दिवशी नको म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी आपणहून मागितली.

डेव्हिड बघताना सगळे समोर उभे राहतात. तुम्ही त्याच्याभोवती पूर्ण फिरा. ५.१७ मीटर उंच आहे, १५०४ मध्ये पूर्ण झाला, आणि ज्या संगमरवरातून काढलाय तो आधीच्या दोन शिल्पकारांनी अर्धवट सोडलेला, कित्येक वर्षं तसाच पडून होता. समोरून तो शांत दिसतो, पण तो जिकडे बघतोय तिकडे जाऊन उभे राहा, कपाळाला आठी दिसते आणि डोळ्यांत काळजी. उजव्या हातावरच्या शिरा बघा. पण मला विचाराल तर त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अपूर्ण राहिलेले कैदी आहेत तिथे जास्त थांबा, अर्धं अंग दगडात, अर्धं बाहेर, छिन्नीचे ओरखडे स्पष्ट दिसतात. आई तिथे बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "दगडातून ओढून बाहेर काढतोय गं हा माणूस."

रोममध्ये कितीतरी खजिना तिकिटाशिवाय आहे. पियात्झा नावोनाजवळ सान लुइजी दे फ्रांचेझी नावाचं चर्च आहे, त्यात काराव्हाज्योची तीन चित्रं आहेत. कोपऱ्यात अंधार असतो, नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने खट्कन विझतो, परत नाणं. म्हणून खिशात सुट्टे युरो ठेवा. डावीकडच्या चित्रात टेबलाशी जकातवाला मॅथ्यू आणि त्याची माणसं पैसे मोजत बसलीत, येशू दारातून हात करतोय, आणि एक पोरगा मान खाली घालून मोजतोच आहे, त्याने वर बघितलंच नाही. दिवा विझला की चित्र नाहीसं होतं, पुन्हा लागला की पहिल्यांदा तो हातच दिसतो. आम्ही चार नाणी टाकली. अशी चर्च दुपारी बंद असतात, साडेबारा-पाऊणपासून दोन-तीन तास, त्यामुळे सकाळी किंवा चारनंतर जा. सान पिएत्रो इन व्हिंकोलीमधला मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा पण फुकट.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पंजाबी ड्रेस, साडी उत्तम, नाहीतर पर्समध्ये सुती ओढणी ठेवा. व्हॅटिकन म्युझियममधल्या सिस्टिन चॅपेलमध्ये फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे. मायकेलअँजेलोने रंगवलेलं छत वीस मीटर वर आहे, तर भिगवणला पक्षी बघायला नेता ती छोटी दुर्बीण नक्की न्या, भिंतीलगतच्या बाकावर जागा मिळेपर्यंत थांबा आणि बसून बघा, उभ्याने मान मोडते.

आणि एक सराव पुण्यातच करा. जायच्या आधी एका शनिवारी केळकर म्युझियमला जा आणि ठरवून फक्त पाच वस्तू बघा. एकेका वस्तूसमोर दहा मिनिटं. दिवे, अडकित्ते, जे आवडेल ते. कोणी घडवलं असेल, झिजलंय कुठे, हात कुठे लागत असेल, असं बघायची सवय लागली की परदेशात आपोआप पाय थांबतात. आम्ही लहानपणी शाळेच्या सहलीत तिथून पळत बाहेर आलो होतो, आता तिथल्या अडकित्त्यांसमोर आईने मला आज्जीच्या आठवणी सांगितल्या.

बारीकसारीक: मोठी सॅक क्लोकरूमला ठेवायला लावतात, छोटी पर्सच न्या आणि ती पुढे घ्या, गर्दीत पाकीटमार असतात. फळं चिरायचा चाकू हॉटेलवरच ठेवा, दारात मशीनमधून बॅग जाते. ठेपले, चिवडा आत खाऊ देत नाहीत, बाहेर जागा बघून खा. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ वाहत असतात, बाटली भरून घ्या. म्युझियममधून निघताना तिथलंच बाथरूम वापरून निघा, बाहेर शोधत फिरावं लागतं.

संध्याकाळी आई एका दोनशे पानी वहीत त्या दिवशी बघितलेल्या एकाच गोष्टीबद्दल लिहायची, कधी शेजारी पेन्सिलने हाताचं, विटांचं चित्र. मी तोवर दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाची वेळ बघून पासपोर्ट, प्रिंट, सुट्टी नाणी आणि ओढणी पर्समध्ये भरून ठेवायचे. हे रात्रीच करा, सकाळी साडेआठच्या स्लॉटला शोधाशोध करायला वेळ नसतो.