लाकडी जहाजाचं मॉडेल बनवताय? मग या चुका टाळा, नाशिकच्या हवेत तर नक्कीच

शिडाच्या जहाजाच्या मॉडेलचं एक वाईट असतं, चूक होते एकीकडे आणि दिसते भलतीकडे. रिगिंगला, म्हणजे डोलकाठ्या-शिडांचे दोर बांधायला, बसलं की डोलकाठी एका अंगाला झुकलेली दिसते, मग माणूस दोरे ओढून ती सरळ करायला जातो, एक दोरा ओढला की दुसरी काठी वाकते, आणि खरी भानगड असते खाली कीलमध्ये, म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्यात, जी किट उघडलं त्या दिवशीच पिळलेली होती आणि कुणी नीट बघितली नव्हती. म्हणून सुरुवातीच्या कामांवर जरा जास्तच लिहितोय, पुढची बहुतेक रडगाणी तिथूनच सुरू होतात.

त्याच्याही आधी एक. पहिलंच मॉडेल म्हणून व्हिक्टरी घेऊ नका. 1765 साली पाण्यात उतरलेलं, ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सन ज्याच्यावर होता ते शंभरावर तोफांचं जहाज, बॉक्सवरचा फोटो बघून कुणालाही मोह होतो, पण तेवढ्या तोफा, तेवढे पुली-ब्लॉक, तेवढे दोरे, अर्ध्यात कंटाळा येतो आणि सांगाडा माळ्यावर जातो. एका डोलकाठीची साधी बोट घ्या, सगळी कौशल्यं त्यात येतात, फक्त कमी वेळा.

हवा न बघता काम सुरू करणं

किटबरोबर जी माहितीपुस्तिका येते ती युरोपातल्या हवेसाठी लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, हवा ठणठणीत कोरडी, आणि जुलैत तीच हवा अशी होते की कपाटातल्या बुटांना बुरशी येते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही पण रुंदीत हलतं, ओल पिऊन फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. म्हणजे श्रावणात बसवलेल्या फळ्यांमध्ये पुढच्या उन्हाळ्यात फटी पडणार, आणि मे महिन्यात एकमेकींना घट्ट भिडवून बसवलेल्या फळ्या पावसाळ्यात एकमेकींना ढकलून मधेच फुगवटा काढणार. प्लँकिंगचं, म्हणजे सांगाड्यावर फळ्या बसवायचं, काम दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत उरकावं असं माझं सरळ मत आहे. ते जमत नसेल तर निदान लाकडाच्या पट्ट्या पॅकिंगमधून काढून दोन-तीन आठवडे त्याच खोलीत मोकळ्या ठेवा जिथे मॉडेल होणार आहे. आणि कूलर! पाण्याचा कूलर ज्या खोलीत चालतो त्या खोलीत काम करूच नका, दिवसभर ओला वारा, कूलर बंद केला की पुन्हा कोरडं, लाकडाने करायचं काय.

फट पडलीच असेल तर मे महिन्यात पुट्टी भरायला धावू नका. कागद जाईल एवढीच असेल तर पावसाळा जाऊ द्या, बऱ्याचदा आपोआप मिटते. मोठी असेल तर त्याच लाकडाची बारीक सळी तासून फेविकॉलने बसवा आणि घासून घ्या. भुसा आणि फेविकॉल कालवून भरायची युक्ती सगळे सांगतात, ती चालते, पण फक्त जिथे वरून रंग किंवा दुसरा थर येणार आहे तिथे, कारण गोंद मुरलेल्या जागी स्टेन, म्हणजे लाकडाला छटा देणारा द्रव, धरत नाही आणि तिथे फिकट डाग कायमचा राहतो.

कील आणि बल्कहेड

कील बहुतेक किटमध्ये चार-पाच मिलिमीटर प्लायची असते आणि प्लाय वाकडा निघणं यात नवल काही नाही. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर किंवा जाड काचेवर आडवी ठेवून बघा, कुठलं टोक उचललंय ते लगेच कळतं. उचललं असेल तर ओल्या फडक्याने पुसून दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली दोन दिवस ठेवा. तरी ऐकली नाही तर नवीन प्लायवर छापून कापून घ्या, सातपूर-अंबडकडे लेझर कटिंगवाले आहेत, डीएक्सएफ फाइल, म्हणजे संगणकावरचं रेखाचित्र, दिली की काम होतं. वाकड्या कीलवर पुढे मेहनत घालण्यात अर्थ नाही भाऊ.

बल्कहेड, म्हणजे कीलवर काटकोनात बसणाऱ्या आडव्या पाट्या, चिकटवताना प्रत्येकाला गुण्या लावा. नजरेवर जाऊ नका, नजर फसते. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, आणि मागे जिथे फळी एकदम वळते तिथे बल्कहेडच्या मधल्या जागेत बाल्साचे ठोकळे भरून आकार द्या, किटमध्ये सांगितलं नसलं तरी द्या, फळीला टेकायला जागा मिळते.

यानंतरचं काम म्हणजे फेअरिंग, आणि सगळ्यात जास्त लोक हेच टाळतात कारण त्यात दिसण्यासारखं काही होत नाही, नुसती धूळ. बल्कहेडच्या कडा अशा तिरक्या घासायच्या की फळी कडेवर नाही, पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे. लांब लाकडी पट्टीला 120 चा पॉलिश पेपर चिकटवा, पट्टी एका वेळी किमान तीन बल्कहेडवर फिरली पाहिजे, बोटाने घासलं तर खड्डे पडतात. मग एक सुटी फळी नाळेपासून मागेपर्यंत हाताने दाबून धरा आणि कडेने बघा. मधे कुठे उजेड दिसला तर तिथे कागदाची किंवा व्हेनियरची पट्टी लावून उंची वाढवा, कुठे फळी उचलली जात असेल तर तिथे अजून घासा. पुढे जहाजाच्या अंगावर जी बरगडी दिसते ना, ती इथेच राहिलेली असते.

प्लँकिंग : फळीवर जबरदस्ती

मुख्य चूक ही की सगळ्या फळ्या आहे त्या रुंदीच्या लावत सुटायचं. जहाज मधे जाडं आणि टोकांना निमुळतं, मग फळ्या तेवढ्याच रुंद कशा बसतील? हिशोब सोपा आहे. मधल्या बल्कहेडची एका बाजूची कड कागदाच्या पट्टीने मोजा, समजा 110 मिमी भरली, फळी 5 मिमीची, म्हणजे 22 फळ्या. आता नाळेजवळच्या बल्कहेडची कड मोजा, समजा 66 मिमी. 66 भागिले 22, म्हणजे तिथे प्रत्येक फळी 3 मिमीची व्हायला हवी. तेवढी ती तासायची, हळूहळू निमुळती. अर्ध्या रुंदीपेक्षा बारीक करायची वेळ आली तर तासू नका, तिथे दोन फळ्यांच्या जागी एक करा, नाहीतर टोकाला सुईसारख्या अणी होतात आणि खऱ्या जहाजात तिथे खिळा ठोकायलाही जागा उरली नसती. मागच्या बाजूला उलटं होतं, जागा जास्त उरते, तिथे पाचरीसारखी जादा फळी घालतात.

हे न करता फळी कडेच्या दिशेने ओढून वाकवली की तिची दुसरी कड उचलते, कौलांसारखे थर दिसतात, आणि मग घासून घासून फळी आरपार जाते. एक फळी डावीकडे लावली की लगेच जोडीची उजवीकडे, हे पण पाळा. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली की सांगाडा त्या बाजूला ओढला जातो.

वाकवण्यासाठी कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भरपूर झाली, रात्रभर भिजत घालायची ही काही मटकी नाही. इस्त्री किंवा केस सरळ करायचं मशीन वापरून वाकवा, चिमट्यांनी जागेवर नुसती धरून वाळू द्या, आणि पूर्ण वाळल्यावरच गोंद लावा. ओली फळी चिकटवली की वाळताना आकसते आणि फटी पडल्या म्हणून लोक किट बनवणाऱ्याला शिव्या घालतात.

फेविक्विकबद्दल दोन शब्द. चटकन धरतं म्हणून सगळीकडे थेंब टाकत जाऊ नका, लाकडात मुरलं की तिथे पॉलिश धरत नाही आणि चकचकीत ठिपका दिसतो. काळ्या दोऱ्यावर तर पांढरी वाफ बसते आणि दोरा काडीसारखा कडक होऊन नंतर तुटतो. गाठीला पाणी घातलेलं फेविकॉल, ब्रशच्या टोकाने, बस्स.

सागाचा हट्ट

आपल्याकडे सागाचं प्रेम भारी, पेठ-सुरगाण्याकडे सागाचं जंगल, फर्निचरवाल्याकडे तुकडे सहज मिळतात, त्यामुळे किटचं लाकूड बाजूला ठेवून सागाच्या पट्ट्या पाडून घेणारे खूप. खरी जहाजं सागाची व्हायची हे बरोबर आहे, मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं ट्रिंकोमाली 1817 चं, सागाचं, आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. पण 1:72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या मापात, सागाची छिद्रं आणि रेषा बहात्तरपट मोठ्या दिसतात, खेळण्यातली होडी वाटते. त्यात साग तेलकट, गोंद नीट धरत नाही, लावायचाच असेल तर चिकटवायच्या आधी थिनरने पुसा. बारीक पोताचं हेदूचं लाकूड किंवा शिवण मिळाली तर बघा, हेदू पिवळसर असतो, डेकला तर झकास दिसतो.

डेकचं एक राहिलं. नाळेपासून मागेपर्यंत सलग पट्टी टाकू नका. खऱ्या डेकची फळी साधारण 24 फुटांची धरली तर 1:72 ला ती दहा सेंटिमीटरच भरते. तेवढे तुकडे पाडा, शेजारच्या ओळींचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. फटीतल्या डांबरासाठी फळीच्या कडेला पेन्सिल फिरवा, मार्कर नको, वॉर्निश लावलं की पसरतो.

दोरे

सगळ्या जहाजाला एकच रीळ वापरणं ही चूक लांबूनही ओळखू येते. 36 मिमी जाडीचा खरा दोर 1:72 ला अर्धा मिलिमीटर होतो, आणि डोलकाठीला धरून ठेवणारे दोर शिडं ओढायच्या दोरांपेक्षा कितीतरी जाड असतात. किमान चार-पाच जाड्या लागतात. जे एका जागी पक्के असतात ते डांबर लावलेले म्हणून काळपट, जे हलतात ते फिकट. सुती दोरा घेतला तर त्याची कुसं मधमाशीच्या मेणावरून ओढून बसवा, आणि लक्षात ठेवा की सुती दोरा पावसाळ्यात आकसून घट्ट होतो आणि उन्हाळ्यात सैल पडतो, मग मे महिन्यात रिगिंग लोंबतंय म्हणून ताणलं की ऑगस्टमध्ये काठी वाकणार. पॉलिस्टरमध्ये हा त्रास नाही.

डेडआय म्हणजे तीन भोकांच्या त्या लाकडी चकत्या, त्या लोक उलट्या लावतात. खालच्या चकतीचं एकटं भोक खाली, वरच्या चकतीचं एकटं भोक वर, दोन-दोन भोकं समोरासमोर. सगळ्यांचं अंतर सारखं यायला तारेचा एक तुकडा दोन्हीकडून वाकवून माप करून ठेवा. शिडीसारख्या आडव्या दोऱ्या बांधताना मागे रेषा मारलेला कागद लावा, पाचेक मिमीचं अंतर, प्रत्येक उभ्या दोरावर क्लोव्ह हिचची गाठ. आडवी दोरी ताणायची नाही, ताणली की उभे दोर आत खेचले जातात आणि डमरू होतो. परबाणांचे, म्हणजे शिडं टांगायच्या आडव्या काठ्यांचे, ब्लॉक मात्र परबाण डोलकाठीवर चढवायच्या आधीच बांधून टाका, नंतर चिमटा आत जात नाही आणि एका ब्लॉकपायी तीन दोर तुटतात.

पॉलिश पावसाळ्यात मारू नका, मेलामाइन दमट हवेत दुधाळ होतं हे कुठलाही सुतार सांगेल. आणि मॅट घ्या, ग्लॉसी नको.

भगवा लावला की गुराब होत नाही

हे खरं तर पहिल्या दिवशी ठरवायचं असतं, पण लोक शेवटी करतात म्हणून शेवटी लिहितोय. युरोपियन किट घ्यायचं, भगवा झेंडा लावायचा आणि खाली पाटी, मराठा आरमाराची गुराब, म्हणजे त्यांचं मोठं लढाऊ जहाज. अहो, आकारच वेगळा! आंग्र्यांच्या काळातल्या गुराबेची वर्णनं आहेत, दोन किंवा तीन डोलकाठ्या, लांबीच्या मानाने भरपूर रुंद, पाण्यात कमी बुडणारी, आणि पुढे गोल पोट नाही तर भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे काढलेली चोच. त्या चोचीवरच्या डेकला कठडे नसायचे, समोरच्या लाटेचं पाणी येईल तसं निघून जावं म्हणून. चोचीच्या मागे आडवी भिंत, त्या भिंतीतल्या भोकांतून दोन तोफा समोर रोखलेल्या. म्हणजे बदल करायचा तर तो बल्कहेड कापायच्या आधी, पुढचे दोन-तीन बल्कहेड नव्याने आखूनच.

त्यापेक्षा गलबत करा असं मी म्हणेन. लहान, दोन काठ्या, त्यातली मागची बारीक, पुढच्या मोठ्या काठीला एकच भलं मोठं तिकोनी शीड, त्याचं टोक काठीच्याही वर जाणारं, आणि चाळीस-पन्नास वल्ही. त्याचं वरचं डेक वजन कमी ठेवायला चिरलेल्या बांबूचं असायचं, आणि इथे तर बांबू आपल्या घरचा! बुरुडाकडून टोपलीसाठी काढलेल्या पातळ कामट्या आणा, एक-दीड मिमी रुंदीच्या करा, हिरवी साल घासून काढा नाहीतर गोंद धरणार नाही. वल्ह्यांची भोकं मात्र प्लँकिंग झाल्यावर नाही, बाजूची ती वरची फळी लावायच्या आधी टेबलावर ठेवून पाडा, दोन्ही बाजूंच्या फळ्या एकावर एक बांधून एकदमच, म्हणजे डावी-उजवी भोकं समोरासमोर येतात. शिडाला जुनं मलमल घ्या, नवं कापड ताठ उभं राहतं.