पूडल घरी आणण्यापूर्वी त्याचे केस समजून घ्या

पूडलचे केस घरभर पडत नाहीत, एवढे ऐकून अनेक कुटुंबे हा कुत्रा निवडतात. परंतु गळलेला केस जमिनीवर न पडता त्याच्याच कुरळ्या केसांत अडकून राहतो आणि तेथेच गुंता होऊ लागतो, हे पुष्कळांना उशिरा कळते. म्हणून शक्यतो रोज दहा मिनिटे ब्रश करावा आणि नंतर धातूचा कंगवा थेट कातडीपर्यंत फिरवून पाहावा. वरून केस मऊ, फुललेले दिसत असले तरी कानामागे, काखेत आणि गळपट्ट्याखाली बोटाने चाचपल्यास नमद्यासारखी घट्ट गाठ हाताला लागते. अशी गाठ आंघोळीपूर्वीच सोडवावी, कारण पाण्याने ती अधिकच आवळते व कातडी ओढली जाऊन त्या मुक्या जिवाला वेदना होतात. पिल्लाचे केस बदलून प्रौढ केस येतात त्या काळात, म्हणजे साधारण वर्षाच्या आसपास, गुंता सर्वाधिक होतो. दर चार ते सहा आठवड्यांनी केस कापून घ्यावेत. त्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

लोंबत्या कानांत ओल साचते, तेव्हा पावसाळ्यात कान कोरडे ठेवावेत आणि दुर्गंधी येताच पशुवैद्यांना दाखवावे.

हा मूळचा पाण्यातून शिकार आणणारा, अत्यंत हुशार कुत्रा आहे. त्याला फिरणे, शिकवणे आणि माणसांचा सहवास रोज हवाच. दिवसभर बंद राहणाऱ्या घरात त्याला आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.