घाटात काच धुरकट झाली तर

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटात शिरलं की पावसाळ्यात गाडीची काच आतून धुरकट होते. फडक्याने पुसत बसू नका, त्या वळणांवर एका हाताने गाडी चालवणं जिवावर बेतू शकतं. बाहेर गारठा असला तरी एसी लावा. तो हवेतला दमटपणा काढून घेतो. झोत समोरच्या काचेकडे वळवा, तापमान थोडं वाढवा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा. नेमकं हेच बटण विसरलं जातं. वायपर मारल्यावर धुरकटपणा जात असेल, तर तो बाहेरच्या बाजूने आहे. काच फार गार झालीय, झोत दुसरीकडे वळवा.

चहाला थांबायचं तर वळणावर किंवा सुट्या दरडीखाली नको. हँडब्रेक ओढा, तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. चाकं अशी वळवा की गाडी घसरलीच तर रस्त्यावर न येता डोंगराच्या अंगाला टेकेल. आणि इंजिन चालू ठेवून, काचा लावून आत कुणी झोपू नका. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.