‘रात्री बारानंतर पाणी बंद’ हा नियम वॉर्डात कसा बदलायचा

पुण्यात पेठेतल्या एका हॉस्पिटलात मी सर्जिकल वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. मंचरहून एक आजी हर्नियाच्या ऑपरेशनला आल्या होत्या. शेवटचं पाणी रात्री नऊला प्यायल्या आणि ऑपरेशनची लिस्ट लांबत लांबत त्यांचा नंबर लागला दुपारी दीडला. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. "घोटभर तरी दे गं बाई," म्हणाल्या. मी दिलं नाही. त्या रात्री घरी मला जेवण गेलं नाही, आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारानंतर पाणीसुद्धा बंद, हा नियम आला कुठून ते मी शोधायला घेतलं.

नियमामागची भीती खरी आहे. १९४६ साली, म्हणजे आपलं बी. जे. मेडिकल सुरू झालं त्याच वर्षी, अमेरिकेत मेंडेल्सन या प्रसूतितज्ज्ञांनी बाळंतपणात भूल दिल्यावर पोटातलं फुफ्फुसात गेल्याच्या ६६ केसेस मांडल्या. पण अन्न पोटात रेंगाळतं, पाणी लवकर पुढे सरकतं. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते; तिच्या २००३च्या आढाव्यात मोठ्या माणसांवरच्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या. पाणी उशिरापर्यंत दिल्यानं धोका वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांची संघटना तर १९९९पासून सांगतेय: पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत, हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत.

तरी हे कागद घेऊन लगेच डॉक्टरांकडे जाऊ नका. आधी एक वही घाला. सलग वीस पेशंट, दोनच रकाने: शेवटचं पाणी किती वाजता, भूल किती वाजता. परदेशातल्या अभ्यासाला "तिकडचं इकडे चालत नाही" म्हणता येतं, आपल्याच वॉर्डच्या वहीला नाही.

वही घेऊन आधी भूलतज्ज्ञांकडे जा, सर्जनकडे नंतर. पेशंटच्या श्वासाची जबाबदारी भूलतज्ज्ञांची असते. "कुणाला द्यायचं नाही?" हेच त्यांना पहिलं विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी तातडीच्या केसेस, आतड्याला अडथळा असलेले, गरोदर बायका आणि पोट हळू रिकामं होणारे मधुमेही वगळले. महिनाभर फक्त सकाळच्या लिस्टवर करून बघू, एवढंच ठरलं.

खरी मेहनत आहे ती "पाणी" म्हणजे काय हे समजावण्यात. आपल्याकडे चहाला कुणी खाणं समजतच नाही. "काही खाल्लं नाही हो, नुसता चहा घेतला," असं पेशंट अगदी मनापासून सांगतो. पण त्यात दूध असतं, म्हणून त्याला सहा तासांचाच हिशोब. ताकही चालत नाही. मी नातेवाइकांना ग्लासामागे सकाळचा पेपर धरून दाखवते: अक्षरं वाचता आली तर द्या. मावशींना हे सगळ्यांत आधी शिकवा, तांब्या त्याच भरतात.

पलंगावरची ‘एनबीएम १२’ (निल बाय माउथ, म्हणजे बारानंतर तोंडाने काही नाही) ही पाटी काढून ‘पाणी सकाळी ६ पर्यंत’ असं लिहा. पाटी बदलली नाही, तर नाइटची सिस्टर जुनाच नियम पाळणार, आणि त्यात तिची चूक नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा वीस पेशंटची वही घाला. आमच्याकडे पहिल्या नंबरच्या पेशंटचा फरक लगेच दिसला. चौथ्या-पाचव्याचा दिसेना, कारण लिस्ट लांबली तरी ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) वॉर्डला कुणी कळवत नव्हतं. मग तो फोन करायचं काम ओटीतल्या एका सिस्टरच्या नावावर लिहून दिलं.